निवृत्तीची पुंजी आणि चारकोपचीं घरें

आयुष्यभर नोकरी करून जो मनुष्य साठीच्या उंबरठ्यावर येतो, त्याच्या हातांत एके दिवशीं एक रक्कम पडते. एवढी रक्कम त्यानें आजवर कधीं एकत्र पाहिलेली नसते, आणि पुढेंही ती बहुधा पाहावयास मिळणार नसते. तीस-पस्तीस वर्षांच्या मिळकतींतून दरमहा थोडेंथोडें कापून ठेवलेलें तें द्रव्य असतें, आणि उरलेले दिवस त्यावरच काढावयाचे असतात. त्या रकमेचें काय करावें, हा प्रश्न मुंबईसारख्या शहरांत कित्येक पिढ्या घरोघर विचारला जात आहे. आणि त्याला मिळणारें नेहमींचें उत्तर म्हणजे, एखादें घर घेऊन ठेवावें. हें उत्तर केव्हां बरोबर ठरतें व केव्हां चुकतें, हें इतिहास पाहिल्यावांचून सांगतां येणार नाहीं. कारण घर ही वस्तु तीच राहिली, तरी तिच्या भोंवतालचे कायदे पिढीगणिक बदलत गेले. आणि घर वार्धक्याला पोसणार कीं वार्धक्यच घराला पोसणार, हें बहुतेक वेळां त्या कायद्यांनीं ठरविलें.

हा इतिहास समजून घेण्यास मुंबईच्या उपनगरांतील चारकोप हें स्थळ फार सोयीचें आहे. कांदिवली स्थानकाच्या पश्चिमेस, खाडीच्या बाजूला, पूर्वीं हें एक लहानसें गांव होतें. भोंवतालची जमीन सखल आणि खारट. १९५७ सालीं बृहन्मुंबईची हद्द दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यांत आली, तेव्हां कांदिवलीबरोबर हें गांवही महानगरांत आलें. आज तेथें सेक्टरांच्या क्रमांकांनीं ओळखली जाणारी दाट वसाहत आहे. ती कशी उभी राहिली, हें सांगण्यापूर्वीं मुंबईंतला मध्यमवर्गीय मनुष्य तत्पूर्वीं आपली पुंजी कोठें ठेवीत असे, हें पाहिलें पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा मनुष्याला शिल्लक ठेवावयाच्या जागा थोड्याच होत्या. १८८२ सालीं सुरू झालेली पोस्टाची सेव्हिंग्ज बँक ही एक, सरकारी प्रॉमिसरी नोटा ही दुसरी, आणि घरांतल्या बायकांच्या अंगावरचें सोनें ही तिसरी. ज्याच्यापाशीं याहून अधिक असे, तो जमिनीचा तुकडा घेऊन चाळ बांधी. शहर वाढत होतें, गिरण्यांना व कचेऱ्यांना माणसें हवीं होतीं, आणि आलेल्या माणसाला डोकें टेकावयास खोली हवी होती. चाळीचा धनी स्वतः दोन खोल्या ठेवून बाकीच्या भाड्यानें देई, आणि महिन्याच्या महिन्याला येणाऱ्या भाड्यावर त्याचा व त्याच्यामागें त्याच्या विधवेचा निर्वाह चाले. ज्याला सरकारी पेन्शन नव्हतें, त्याचें चाळ हेंच पेन्शन होय. तिला विश्वस्त नव्हते, हिशेब तपासणारे नव्हते, आणि नियमही नव्हते. धन्याचें शहाणपण आणि शहराची भरभराट, एवढाच तिला आधार होता.

या व्यवस्थेला पहिला धक्का पहिल्या महायुद्धांत बसला. घरभाडीं भरमसाट वाढूं लागलीं, तेव्हां सरकारनें १९१८ सालीं भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा मुंबईंत केला. त्याची मुदत संपली आणि तो मागें पडला. परंतु दुसऱ्या महायुद्धांत तोच प्रसंग पुन्हां आला, आणि त्यानंतर झालेला १९४७ चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा मात्र अर्धें शतक टिकला. १३ फेब्रुवारी १९४८ रोजीं तो अमलांत आला. त्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीं असलेलें भाडें हेंच सामान्यतः प्रमाणभूत मानलें आणि भाडेकरूला घराबाहेर काढण्याचा मालकाचा अधिकार फार संकुचित केला. फाळणीनें निर्वासित झालेले लक्षावधि लोक तेव्हां आसऱ्याच्या शोधांत होते. अशा वेळीं हा कायदा अन्यायाचा होता, असें कोणासही म्हणतां येणार नाहीं. तथापि युद्धकाळाची निकड संपली आणि कायदा तसाच राहिला. ज्या खोलीचें भाडें १९४० सालीं दहा रुपये होतें, तिचें भाडें पुढें कित्येक दशकें दहा रुपयांच्या आसपासच राहिलें. दरम्यान गवंड्याची मजुरी, चुना, लाकूड आणि धान्य यांच्या किंमती अनेक पटींनीं वाढल्या. चाळीच्या भाड्यावर म्हातारपण काढूं पाहणाऱ्याचें पेन्शन अशा रीतीनें एका ठराविक आंकड्यावर गोठून गेलें. दुरुस्ती परवडेना, म्हणून इमारती खचत गेल्या. आणि नवी चाळ भाड्यानें देण्यासाठीं बांधणें हा शहाणपणाचा व्यवहार राहिला नाहीं. १९९७ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानें असा अभिप्राय दिला कीं, आरंभीं योग्य असलेलें हें भाड्याचें बंधन काळाच्या ओघांत अवाजवी झालें आहे. त्यानंतर १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा आला, व ३१ मार्च २००० पासून दरसाल शेंकडा चार या दरानें भाडेवाढीस मुभा मिळाली. परंतु तोंपर्यंत दोन पिढ्या होऊन गेल्या होत्या.

चाळीचा आधार असा ढासळत असतां दुसरीकडे एक निराळी संस्था हळूहळू आकारास येत होती. ती म्हणजे प्रॉव्हिडंट फंड, अर्थात् भविष्य निर्वाह निधि. नोकराच्या पगारांतून कांहीं भाग कापावयाचा, धन्यानें त्यांत आपली भर घालावयाची, आणि नोकरी संपतांना व्याजासह सर्व रक्कम नोकराच्या हवालीं करावयाची, ही कल्पना सरकारी खातीं व रेल्वे यांत जुनीच होती. अशा निधींसाठीं १८९७ सालीं एक कायदा झाला व १९२५ सालीं दुसरा, अधिक व्यापक, कायदा झाला. या दुसऱ्या कायद्याचें मर्म एका तरतुदींत आहे. निधींत सक्तीनें जमा होणारी रक्कम नोकराला गहाण टाकतां येत नाहीं, दुसऱ्याच्या नांवें करून देतां येत नाहीं, आणि सावकाराला ती न्यायालयाकडून जप्तही करवितां येत नाहीं. म्हणजे कायद्यानें त्या पैशाभोंवतीं एक कुंपण घातलें. आणि हें कुंपण केवळ सावकारापासून नव्हे, तर खुद्द नोकराच्या अधीरतेपासूनही त्या पैशाचें रक्षण करण्यासाठीं होतें.

स्वातंत्र्यानंतर हें कुंपण कारखान्यांतल्या कामगारांपर्यंत पोंचलें. नोव्हेंबर १९५१ मध्यें निघालेल्या वटहुकुमाच्या जागीं १९५२ चा कर्मचारी भविष्य निर्वाह निधि कायदा आला. आरंभीं तो सहा धंद्यांना लागू होता: सिमेंट, सिगारेट, यंत्रसामग्री, लोखंड व पोलाद, कागद आणि कापड. कापडाचा धंदा यांत असल्यामुळें मुंबईच्या गिरणी कामगारांना त्याचा लाभ पहिल्या दिवसापासून मिळाला. वर्गणी शेंकडा सव्वासहा, म्हणजे रुपयामागें एक आणा, अशी ठरली; आणि तितकीच भर धन्यानें घालावयाची होती. आण्याच्या हिशेबानें सुरू झालेली ही वर्गणी पुढें वाढत वाढत शेंकडा बारापर्यंत गेली.

परंतु या योजनेंत एक मोठी उणीव होती. निवृत्तीच्या वेळीं कामगाराला रक्कम एकठोक मिळे. दरमहा कांहीं मिळण्याची व्यवस्था नव्हती. १९७१ सालीं कुटुंबनिवृत्तिवेतनाची योजना निघाली, ती नोकरींत असतांना मरण पावणाऱ्याच्या कुटुंबासाठीं. हयात राहून निवृत्त होणाऱ्या कर्मचाऱ्यासाठीं मासिक वेतनाची योजना नोव्हेंबर १९९५ मध्यें आली. आणि तीही इतकी तुटपुंजी कीं, २०१४ सालीं तिची किमान मर्यादा ठरविण्यांत आली, ती दरमहा एक हजार रुपये. तेव्हां १९९५ पूर्वीं खासगी नोकरींतून निवृत्त होणाऱ्या मनुष्याला एका रकमेचें रूपांतर दरमहाच्या उत्पन्नांत स्वतःच करून घ्यावें लागे. तो आपल्या निधीचा आपणच व्यवस्थापक होता. ही जबाबदारी त्यानें मागून घेतली नव्हती. ती त्याच्यावर येऊन पडली होती. आणि सल्ला देणारा कोणी नसतां असा मनुष्य, ज्या वस्तूवर हात ठेवतां येतो, तिच्याकडेच वळतो. ती वस्तु म्हणजे घर.

भाड्याची चाळ आतां मागें पडली होती. मग घर घ्यावयाचें कोणत्या स्वरूपांत? याचें उत्तर मुंबईनें पूर्वींच शोधून ठेवलें होतें. १९०४ च्या सहकारी कायद्यानें केवळ पतपेढ्यांस मान्यता दिली होती. १९१२ च्या कायद्यानें इतर प्रकारच्या सहकारी संस्थांचाही मार्ग मोकळा झाला. त्याचा लाभ घेऊन १९१५ सालीं गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. तिचे प्रवर्तक रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी हे सहकाराच्या चळवळींतील एक धुरीण होते. इंग्लंडांत ईलिंग येथें १९०१ सालीं सुरू झालेल्या भाडेकरूंच्या संस्थेचा नमुना अशा प्रयत्नांपुढें होता. इमारत संस्थेची, सभासद तिचे भागीदार आणि तिचे भाडेकरूही. सामान्य पगारदार कुटुंबाला एकट्यानें जमीन घेणें अशक्य होतें, परंतु सर्वांनीं मिळून ती घेतली. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. या व्यवस्थेंत घर हें राहण्यासाठीं होतें. भाड्याचा धंदा करण्यासाठीं नव्हतें. सभासदाचें भाडें वाचे, हाच त्याचा नफा.

१९४८ नंतर भाड्यानें नवीं घरें मिळेनाशीं झालीं, तेव्हां हीच पद्धति शहराची मुख्य पद्धति बनली. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यानें तिला पाया दिला. बांधकाम करणारे व्यापारी मालकीहक्कानें सदनिका विकूं लागले व त्यांत फसवणुकीचे प्रकार घडूं लागले, म्हणून १९६३ सालीं मालकी सदनिकांचा कायदा झाला. खरेदीदारांची संस्था स्थापून देणें व जमिनीची मालकी तिच्या नांवें करून देणें, हें बांधणाऱ्याचें कर्तव्य ठरलें. १९७७ सालीं हसमुखभाई पारेख यांच्या प्रयत्नानें मुंबईंत हौसिंग डेव्हलपमेंट फायनान्स कॉर्पोरेशन निघालें, आणि पगारदाराला घरासाठीं दीर्घ मुदतीचें कर्ज मिळण्याची सोय झाली. त्याच सालीं गृहनिर्माण मंडळांचें एकत्रीकरण होऊन महाराष्ट्र गृहनिर्माण व क्षेत्रविकास प्राधिकरण, म्हणजे आतां सर्वांच्या तोंडीं असलेलें म्हाडा, अस्तित्वांत आलें.

या सर्व घडामोडींत निर्वाह निधीच्या कुंपणाला एक दार पाडण्यांत आलें. ज्याचें सभासदत्व पांच वर्षांचें झालें आहे, त्यानें राहण्यासाठीं घर किंवा घरासाठीं जागा घ्यावयाची असेल, तर आपल्या निधींतून ठराविक प्रमाणांत रक्कम काढावी, असा नियम झाला. घर सभासदाच्या, अथवा सभासद व त्याची पत्नी किंवा पति यांच्या, नांवानें असावें, अशी अट होती. हे नियम पुढें वेळोवेळीं बदलले. २०१७ सालीं किमान दहा सभासदांनीं गृहनिर्माण संस्था करून घर घेतल्यास शेंकडा नव्वदपर्यंत रक्कम काढण्याचीही मुभा देण्यांत आली. मात्र मूळ तत्त्व कायम राहिलें. निधीचा धनी राहण्याच्या घरासाठीं निधि मोडूं शकतो. परंतु निधि स्वतः घर विकत घेऊन त्याचें भाडें खाऊं शकत नाहीं. निधीचा पैसा कशांत गुंतवावा हें सरकारनें ठरवून दिलेलें असतें, व त्यांत सरकारी रोख्यांना पहिलें स्थान असतें.

आतां चारकोपकडे वळूं. १९७० च्या सुमारास जगांतील गरीब देशांच्या शहरांविषयीं एक नवा विचार बळावत होता. सरकारनें तयार घरें बांधून द्यावयाचीं म्हटलें, तर तीं महाग पडतात आणि थोड्यांनाच मिळतात. त्यापेक्षां जमीन आंखून तेथें रस्ते, पाणी, गटारें व दिवे यांची सोय करावी, लहान लहान भूखंड द्यावे, आणि घर ज्याचें त्यानें सवडीनें व ऐपतीप्रमाणें बांधावें, असा तो विचार होता. जागतिक बँकेनें १९७२ सालीं सेनेगालमध्यें डाकार येथें या धर्तीवर पहिलें कर्ज दिलें. भारतांत १९७७ सालीं मद्रासेंत अरुंबाक्कम व इतरत्र त्याचा प्रयोग झाला. मुंबई नागरी विकास प्रकल्प १९८५ सालीं मंजूर झाला व १९९४ सालीं संपला. त्यांत झोपडपट्ट्यांच्या जमिनी रहिवाशांच्या सहकारी संस्थांना भाडेपट्ट्यानें देऊन त्यांची सुधारणा करणें हा एक भाग, आणि सोयींनीं युक्त भूखंड देणें हा दुसरा भाग होता. या दुसऱ्या भागांतील मुंबईंतली एक मोठी वसाहत चारकोप येथें म्हाडानें आंखली. शेजारीं बोरिवलींत गोराई येथेंही तसेंच काम झालें.

चारकोपच्या आंखणींत गोम आहे ती मापांची. भूखंड पंचवीस, तीस किंवा चाळीस चौरस मीटरांचे, म्हणजे सुमारें २७० ते ४३० चौरस फुटांचे. सुमारें पस्तीस भूखंड एका सामायिक अंगणाभोंवतीं मांडलेले, आणि त्या पस्तीस कुटुंबांची एक सहकारी संस्था. दुर्बल घटक, अल्प उत्पन्न गट व मध्यम उत्पन्न गट यांना एकाच वसाहतींत स्थान देण्यांत आलें. आणि वरच्या गटांस व दुकानदारीसाठीं अधिक किंमतीनें दिलेल्या जागांच्या उत्पन्नांतून खालच्या गटाच्या भूखंडांची किंमत कमी ठेवण्यांत आली. गांवदेवीच्या संस्थेंत एक ज्ञाति एका इमारतींत राहिली होती; येथें निरनिराळ्या मिळकतीचीं माणसें एका अंगणांत आलीं. मात्र तत्त्व तेंच होतें: जमीन एकट्याची नव्हे, संस्थेची, घर ज्याचें त्याचें.

असा भूखंड मिळालेल्या कुटुंबानें काय केलें, हें निवृत्तिनिधीच्या दृष्टीनें विशेष महत्त्वाचें आहे. सदनिका घेणाऱ्याला संपूर्ण किंमत आरंभींच मोजावी लागते. भूखंडवाल्याला तसें नव्हतें. प्रथम एक खोली व स्वयंपाकाची जागा. कांहीं वर्षांनीं पैसा हातांत आला कीं वरचा मजला. पुढें जिना बाहेरून काढून वरची जागा स्वतंत्र. जसजशी बचत होई, तसतसें घर वाढे. पुढें वसाहतींत खालीं दुकान किंवा वर्ग आणि वर बिऱ्हाड, अथवा खालीं मालक आणि वर भाडेकरू, अशी रचना सर्रास दिसूं लागली. म्हणजे जुन्या चाळीच्या धन्यानें जें मोठ्या प्रमाणावर केलें होतें, तेंच येथें तीनशें-चारशें चौरस फुटांत लहान प्रमाणावर झालें. निर्वाह निधीच्या नियमानें राहण्याचें घर आणि उत्पन्नाचें घर यांमध्यें जी रेषा ओढली होती, ती या बिऱ्हाडांच्या जिन्यावर पुसली गेली. ज्याला कारखान्याकडून दरमहा पेन्शन नव्हतें, त्याला वरच्या खोलीच्या भाड्याचा आधार मिळूं शकला.

या प्रकल्पाविषयीं दोन निकाल दिले गेले, आणि ते परस्परविरुद्ध आहेत. प्रकल्प संपतांना खुद्द जागतिक बँकेंतच अशा योजनांविषयीं निराशा पसरली होती. वसाहती शहरापासून दूर, भरावयास मंद, खर्चाची वसुली अपुरी, आणि ज्या गरीबांसाठीं हें केलें त्यांच्यापर्यंत लाभ पुरेसा पोंचला नाहीं, असे आक्षेप होते. नव्वदीच्या दशकांत बँकेनें या पद्धतीकडे पाठ फिरविली. पुढें वीस वर्षांनीं मुंबई व चेन्नई येथील अशा वसाहतींची पुन्हां पाहणी करण्यांत आली व तिचा वृत्तांत २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत चारकोपचाही समावेश होता. वसाहती दाट वसल्या आहेत, निरनिराळ्या मिळकतीचे लोक त्यांत एकत्र नांदत आहेत, घरें मजल्यामजल्यांनीं वाढलीं आहेत आणि लहान भूखंड ठेवल्यामुळें अल्प मिळकतीच्या लोकांचें स्थान टिकून आहे, असें पाहणाऱ्यांस आढळलें. आणि ज्याला अपयश म्हटलें तें यश असावें, असा त्यांनीं निष्कर्ष काढला. दोन्ही निकाल आपापल्या परीनें खरे आहेत. घर ही गुंतवणूक दहा वर्षांत मोजली तर एक उत्तर येतें, तीस वर्षांत मोजली तर दुसरें. परंतु येथेंच निवृत्त मनुष्याची अडचण आहे. चाळिसाव्या वर्षीं भूखंड घेणाऱ्याला तीस वर्षें थांबतां येतें. साठाव्या वर्षीं घर घेणाऱ्याला तितकी सवड नसते.

या प्रश्नाला जगांत दुसरें एक उत्तर देण्यांत आलें आहे, आणि तें मेलबर्न-सिडनीकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांमुळें इकडील घरांतही कानांवर येऊं लागलें आहे. ऑस्ट्रेलियांत १९९२ पासून प्रत्येक धन्यानें नोकराच्या निवृत्तिनिधींत वर्गणी भरणें सक्तीचें झालें. आरंभीं ती शेंकडा तीनपासून होती, जुलै २०२५ पासून शेंकडा बारा झाली. हा निधि मोठ्या संस्थेकडे न ठेवतां एखाद्या कुटुंबानें आपला स्वतंत्र निधि काढून त्याचे विश्वस्त आपणच व्हावें, अशी तेथें मुभा आहे. पूर्वीं अशा निधींत चार सभासद असत. २०२१ पासून सहापर्यंत असूं शकतात. हा स्वव्यवस्थापित निधि घर विकत घेऊं शकतो व त्याचें भाडें जमा करूं शकतो. त्या उत्पन्नावर करही सवलतीचा असतो. मात्र निधि केवळ निवृत्तीच्या निर्वाहासाठींच वापरला पाहिजे, असा १९९३ च्या कायद्याचा कडक दंडक आहे. त्यामुळें निधीनें घेतलेल्या राहत्या घरांत सभासदानें किंवा त्याच्या नातलगानें राहावयाचें नाहीं; एक रात्रही नाहीं, आणि भाडें देऊनही नाहीं. इकडील नियमाची ही अगदीं उलट बाजू होय. येथें मनुष्याला राहण्यासाठीं निधि मोडतां येतो, परंतु निधीला घर घेतां येत नाहीं. तेथें निधीला घर घेतां येतें, परंतु निधीच्या धन्याला त्यांत राहतां येत नाहीं.

दोन्ही देशांच्या कायद्यांनीं ओळखलेला धोका मात्र एकच आहे: वार्धक्याचा पैसा तरुणपणच्या गरजेंत, किंवा मोहांत, संपून जाऊं नये. ऑस्ट्रेलियांत सप्टेंबर २००७ पासून अशा निधीला घरासाठीं कर्ज काढण्याची परवानगी मिळाली, आणि तेव्हांपासून तेथेंही वाद चालू झाला. कर्ज बुडालें तर सावकारानें तें घरच घ्यावें, निधींतल्या इतर मालमत्तेला हात लावूं नये, अशी अट घालण्यांत आली. तरीही २०१४ सालीं डेव्हिड मरे यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीनें हें कर्ज बंद करावें, अशी शिफारस केली. सरकारनें ती पुढील सालीं मान्य केली नाहीं. २०१८ सालीं तेथील कांहीं मोठ्या बँका मात्र स्वतःच या व्यवहारांतून बाहेर पडल्या. निधींतली सारी रक्कम एका घरांत आणि त्यावर पुन्हां कर्ज, असें झालें म्हणजे एक भाडेकरू सोडून गेला, तरी संपूर्ण वार्धक्य डळमळतें, हें त्यांतील कोडें आहे.

योगायोग असा कीं, २००७ हेंच साल भारतांतही या विषयांत महत्त्वाचें ठरलें. त्या सालीं राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेनें साठ वर्षांवरील घरमालकांसाठीं उलट गहाणाची योजना आंखून दिली. म्हाताऱ्यानें घर बँकेकडे गहाण ठेवावें, तेथेंच मरेपर्यंत राहावें, आणि बँकेनें त्याला दरमहा पैसे द्यावे. ऑस्ट्रेलियानें निवृत्तिनिधीचें घर करण्यास कर्जाची मुभा दिली, त्याच सालीं भारतानें घराचें पुन्हां निवृत्तिवेतन करण्याचा मार्ग काढला. परंतु तो फारसा कोणी धरला नाहीं. बापाचें घर मुलांकडे जावयाचें, बँकेकडे नव्हे, ही भावना हिशेबाहून बळकट ठरली. आणि ही भावना नेहमींच सुखाची नसते, याची साक्ष त्याच वर्षाच्या डिसेंबरांत झालेल्या आणखी एका कायद्यानें दिली. तो म्हणजे आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा. वृद्धानें सांभाळाच्या अटीवर मालमत्ता दुसऱ्याच्या नांवें करून दिली आणि पुढें सांभाळ झाला नाहीं, तर तें हस्तांतर रद्द करण्याची तजवीज त्यांत आहे. संसदेला असा कायदा करावा लागला, यावरूनच घरोघर काय घडत होतें, याची कल्पना येते.

येथें १९२५ च्या त्या जुन्या कुंपणाची आठवण होणें साहजिक आहे. जोंवर पैसा निधींत होता, तोंवर तो सावकाराला जप्त करतां येत नव्हता, आणि धन्याला तो कोणाच्या नांवें लिहून देतांही येत नव्हता. निधि मोडून त्याचें घर झालें, कीं तें कुंपण सुटतें. घर गहाण पडूं शकतें, जप्त होऊं शकतें, आणि एका सहीनें मुलाच्या किंवा सुनेच्या नांवें होऊं शकतें. त्यांत ज्या स्त्रीचें नांव कागदावर नसतें, तिचें वार्धक्य तर सर्वस्वी इतरांच्या मर्जीवर राहतें. नव्या मालकीहक्काच्या आनंदांत हा फरक बहुधा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं.

तेव्हां चारकोपच्या घरांपासून काय घ्यावयाचें? घर हें वाईट निवृत्तिनिधि असतें, असा त्याचा अर्थ नाहीं. परंतु तेथें जें साधलें, तें कशामुळें साधलें, हें पाहिलें पाहिजे. जमीन स्वस्त होती, ती चाळिशींत मिळाली, घर कर्जाच्या डोंगराखालीं नव्हे तर बचतीच्या चालीनें वाढलें, आणि त्याचे दोन भाग करतां आले: एक राहावयाला, दुसरा भाड्याला. आज साठाव्या वर्षीं सारी रक्कम ओतून जी सदनिका घेतली जाते, तींत यांपैकीं बहुधा एकही गोष्ट नसते. सदनिकेचा निम्मा भाग विकून औषधाचें बिल भागवितां येत नाहीं, आणि स्वयंपाकघर भाड्यानें देतां येत नाहीं. राहतें घर भाडें वांचवितें, हा त्याचा मोठा गुण. पण तें भाजी आणीत नाहीं. भाड्याचें दुसरें घर भाजी आणतें, परंतु कर, दुरुस्ती, संस्थेची वर्गणी आणि रिकामे महिने वजा जातां किती आणतें, याचा हिशेब खरेदीच्या दिवशीं क्वचितच मांडला जातो.

जुन्या चाळीच्या धन्याचाही हिशेब चुकला नव्हता. त्यानें बांधलेली चाळ १९४० पर्यंत त्याला पोशीत होती. कायदा बदलला आणि ती त्याला पोसेनाशी झाली. एकाच वस्तूवर सारें वार्धक्य टेकवणाऱ्याचा धोका हाच आहे कीं, ती वस्तु बदलली नाहीं, तरी तिच्या भोंवतालचें जग बदलतें, आणि मग तिच्यापासून दूर होण्यास त्याच्यापाशीं वय उरलेलें नसतें. म्हणून निवृत्तीच्या रकमेंतून घर घ्यावयाचें असल्यास तें नोकरींत असतांनाच, अंगांत बळ असतांनाच घ्यावें. तें पति व पत्नी दोघांच्या नांवानें असावें. आणि कुंपणांतून पैसा बाहेर काढतांना कुंपणाच्या आंत पुढच्या दहा-वीस वर्षांचें धान्य शिल्लक आहे ना, हें आधीं मोजून पाहावें. चारकोपच्या अंगणांत ज्या कुटुंबांनीं एकावर एक मजला चढविला, त्यांनीं प्रत्येक मजल्यापूर्वीं हीच मोजणी केली असली पाहिजे. कारण शिल्लक पडल्याखेरीज त्यांचा वरचा मजला चढतच नव्हता.